उतरा, धनी

आमच्या खोताचं वजन किती होतं सांगू? एकदा पाय धुवायला म्हणून त्यानं भाट्याच्या खाडीत पाय घातला, तर पलीकडे रत्नागिरीच्या बंदरात पाणी चढलं नि तीन गलबतं आपोआप सुटली. हसा, हसा. मीपण हसायचे. पण त्याला उचलणारे चौघे होते ना, ते हसत नसत.

चौघे म्हणजे माझे थोरले दीर भागोजी, वाडीतले बाबल्या आणि सदू, आणि सगळ्यांच्या पुढे आमचे हे. ह्यांचं नाव मी अजून घेत नाही. गोष्टीत दुसरं कुणी घेईल तेव्हा ऐका. खोताची जमीन कसायची तर अर्धं भात त्याचं, दारातल्या झाडाचा फणस त्याचा, आणि वर वेठ. वेठ म्हणजे फुकटचं काम. आमच्या घराकडे डोलीची वेठ होती, सासऱ्यांच्या वेळेपासून. आत्माराम खोताला नाहीतर खोतीणबाईला कुठं जायचं झालं की हातातलं टाकून चौघांनी डोली उचलायची. ह्यांच्या खांद्यावर घट्टा पडला होता, चांगला आवळ्याएवढा. मी म्हणायचे, "ह्याला तेल लावू की नैवेद्य दाखवू?"

डोली न्यायची एक रीत होती. पुढच्यानं वाट बघायची, मागच्यांनी पुढच्याच्या टाचा. खोताच्या अंगणात जांभ्याचा एक चिरा होता. त्याच्यापुढं डोली टेकवायची, कमरेत वाकायचं आणि म्हणायचं, "उतरा, धनी." आत खोतीणबाई असली तरी "उतरा, धनी"च.

मिठाच्या सत्याग्रहाची गडबड झाली, त्याच्या पुढल्या सालचा श्रावण. माझी थोरली जाऊ चिमा, भागोजी भावोजींची बायको, अडली. दोन दिवस झाले. तिसऱ्या दिवशी उजाडता सखू सुईण हात पुसत बाहेर आली.

"पोर आडवं हाय. माज्या हातातलं नाय रायलं. रत्नागिरीला दवाखान्यात न्या, पन येळ काढू नका."

दवाखाना खाडीपलीकडे. वाडीपासून भाटं दोन कोस, तिथून अयूबच्या होडीनं पलीकडे. आणि होडी चालते पाण्यावर. ओहोटी लागली की ती गाळात बसते, मग पुढची भरती येईपर्यंत कुणाच्या बापाची हलत नाही.

भागोजी भावोजी धावत खोताकडे गेले, मागून मी. पडवीत दोन डोल्या होत्या. एक जुनी, एक लाल गादीची नवी. खोत झोपाळ्यावर बसला होता.

"धनी, चिमा अडलीय. डोली द्या. उचलायला आमीच हाव."

खोत काही राक्षस नव्हता. राक्षस असता तर मला सांगायला सोपं गेलं असतं. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

"अरे भागोजी, चिमा मला लेकीसारखी. पण बाळंतीण डोलीत घातली तर मग ती आमच्या कामाची राहील का? गुरुवारी आमच्या हिला माहेरी जायचंय."

"मग जुनी द्या."

"जुनीत मी बसतो ना रे."

आणि त्यानं एक नारळ दिला. देवीपुढं ठेव म्हणाला, सगळं बरं होईल. चांगला मोठा नारळ होता. माझ्या सासऱ्यांनी लावलेल्या माडाचा.

मग काय! घरातली वाकळ घेतली, बांबूला बांधली, झोळी केली. चिमाला आत घातली. पाऊस लागलेला. चौघांच्या डोक्यावर इरली, म्हणजे पानांची ती मोठी टोपरी, पाठीपर्यंत येणारी. त्यातून पायापुढचं दोन हात दिसेल तेवढंच. मी मागून गाठोडं घेऊन.

वाडीच्या खाली वाट फुटते. डावीकडे भाटं, उजवीकडे खोताची घाटी. खोत वरच्या गावांहून परतायचा तो आमच्याच वाडीवरून. म्हणजे खांद्यावर भार घेऊन हे चौघे त्या फाट्यावर आले की बारा वर्षं उजवीकडेच वळलेले. त्या दिवशीही वळले. मागच्यांच्या डोळ्यापुढं टाचाच होत्या. आणि मी? माझ्या खांद्यावर तर बांबू नव्हता. मीपण गेले. घाटी चढताना धाप लागली तरी मला कळलं नाही की भाट्याला जाताना चढ लागत नाही.

अंगणात चिऱ्यापुढं झोळी टेकली. हे कमरेत वाकले नि म्हणाले, "उतरा, धनी."

वाकळीतून चिमा हसली. दोन दिवस कण्हत होती, ती हसली.

"काशे, ऐकलंस गो? मना उतरा म्हंतायत."

खोत झोपाळ्यावरून उठला. "महिपत! हिला इथं कशाला आणलीस?"

हे आपल्या पायांकडे बघत राहिले, जसे काही दुसऱ्याचेच पाय. भागोजी भावोजींनी मारायला हात उचलला. तो तसाच वर राहिला. तेही त्याच टाचांमागून आले होते.

"उचला," ते म्हणाले.

मग धावले. आयुष्यात त्यांना मी तसं धावताना बघितलं नाही. वाटेत एकदा सदू पडला, उठला, परत खांदा दिला.

भाट्याला अयूब गुडघाभर चिखलात उभा होता, होडीला टेकून. होडी गाळात बसलेली.

"चिलीम भरून ओढावी एवढ्यात गेलं पानी," तो म्हणाला. "थोडं आधी आला असतांव तर."

पाच जणांनी होडी ढकलली. ढकलली कसली, तिच्यावर छाती फोडून घेतली. मधल्या प्रवाहाला पुरुषभर पाणी आणि ओढ. झोळी घेऊन उतरायची सोय नाही. पलीकडे रत्नागिरीतली कौलं दिसत होती.

अयूबनं शीड काढून चिमावर धरलं. भागोजी भावोजी तिच्या पायाशी बसले. तिनं माझा हात धरला.

"काशे, काय तरी बोल. तुज्या त्या थापा मार."

मारल्या मी. सांगितलं, गुहागरच्या एका नवरीला सुरमईनं पाठीवरून सासरी पोचवलं, आणि सासूनं त्या सुरमईलाच आधी पाट दिला. सांगितलं, रत्नागिरीच्या दवाखान्यात नळ आहेत, एकातून पाणी नि एकातून दूध. खाटा इतक्या मऊ की माणूस निजला की शोधायला लागतो. ती ऐकत होती. कळ आली की माझा हात पिळायची, कळ गेली की म्हणायची, "मग?"

"मग काय! सगळ्यांना सारखी खाट, सारखा भात."

"आन् थंय खोत कोन?"

"तिथं खोतच नसतो."

"जा गो," चिमा म्हणाली. "येवडी पन थाप नको."

ते तिचं शेवटचं बोलणं. पाणी भरायला लागलं, अयूबची होडी आपोआप वर उचलली गेली. मी बोलतच होते. अयूबनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बस कर, बहेन."

पोर तिच्याबरोबरच गेलं.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी खोताचा निरोप आला: सुतक फिटलं असेल, डोलीला या. खोतीणबाईचं माहेर राहिलं होतं ना. मला वाटलं, जात नाहीत हे. पण चौघेही गेले. लाल गादीची डोली उचलली, खोतीणबाईला घेऊन घाटी उतरले, आणि फाट्यावर अलगद टेकवली.

"काय झालं रे? का थांबलात?" ती आतून म्हणाली.

हे म्हणाले, "बाईसायब, डोलीला आमचे पाय आता चालत नायत. कुटं वळतील भरवसा नाय."

आणि चौघे निघून आले. बाई बराच वेळ आत बसली. मग उतरली, लुगडं सावरलं आणि अनवाणी घाटी चढून घरी गेली. बाबल्या सांगतो, तिनं खोताला पायाला खडे टोचले म्हणून सांगितलं, बाकी काही नाही.

भात कापून झालं तशी खोतानं आमची चारी खाचरं काढून घेतली. मग पुरुष बोटीनं मुंबईला गेले. भागोजी भावोजी परत आलेच नाहीत. ह्यांचे पैसे कधी यायचे, कधी नाही. मी नि सासू रस्त्याच्या कामावर खडी फोडायला बसलो. डोलीला नवी माणसं मिळेनात, म्हणून खोत आता चालत जायचा. धापा टाकायचा, पण मागे छत्री धरायला माणूस असायचा, आणि घरी गेल्यावर तांदळाचा भात.

माझ्यापुढं आला की थांबायचा. "काशी, बरं आहे ना गं?" खरोखर मायेनं विचारायचा, त्यात खोट नाही.

"बरं हाय," मी म्हणायचे. हातोडी खाली ठेवत नसे.