मागची कड

"दीदी, पास ना?" पॅकिंगवाल्यांनी तिसऱ्यांदा काचेवर टकटक केलं. वृंदाने मान वर न करता हातानेच थांबा म्हटलं.

मायक्रोस्कोपखाली मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यात बसवायचं भिंग होतं. लख्ख, एक ओरखडा नाही. पण मागची कड, जी काटकोनात हवी, ती गोलसर झाली होती. दुसऱ्याचीही तशीच. दहाव्याचीही.

हरियाणातल्या मानेसरच्या या कारखान्यात ती एकोणीस वर्षं भिंगं तपासत होती. पॉलिशच्या ड्रममध्ये जास्त वेळ फिरलं की कड मरते, हे तिला ठाऊक होतं. तिने आधीच्या लॉटचे राखून ठेवलेले नमुने काढले आणि एकेक करून मायक्रोस्कोपखाली धरले. जूनपासूनच्या नऊही लॉटची कड मेलेली होती. जूनमध्येच काम दुप्पट झालं होतं, आणि तेव्हापासून ती फक्त ओरखडे बघत होती. नऊही कागदांवर तिची सही होती.

मॅनेजर जयंतसर आले, दार लावलं आणि हिंदी सोडून मराठीत बोलायला लागले.

"वृंदाताई, आजचा लॉट रिजेक्ट करा, बिल्कुल. पण तारीख आजची टाका. मागचं उकरू नका."

"मागच्यावर माझीच सही आहे, सर."

"म्हणूनच सांगतोय. नोकरी तुमची जाईल."

"ही कड पेशींना अडवते. गोल झाली की त्या भिंगामागे सरकतात, तिथला पडदा गढूळ होतो. माणसाला पुन्हा धुरकट दिसायला लागतं."

"सगळ्यांना नाही होत. झालं तर लेझर आहे, यार. दोन मिनिटांचं काम."

"लेझर शहरात. आपली भिंगं जातात खेड्यातल्या कॅम्पला. त्या माणसाला वाटणार, ऑपरेशन फुकट गेलं. तो कशाला परत येतोय?"

बाहेर कंपनीची बस हॉर्न देत होती. घरी मुलाचं, प्रतीकचं, कॉलेजचं शेवटचं वर्ष चालू होतं. वृंदाने रिजेक्टचा फॉर्म पुढे ओढला. तारखेच्या जागी 'जूनपासून' लिहिलं. कारणाच्या रकान्यावर पेन बराच वेळ थांबलं. मग तिने लिहिलं, 'कड मी तपासली नाही.'

"तुम्ही मलाही अडकवलंत," जयंतसर हळूच म्हणाले आणि फॉर्म घेऊन निघून गेले.

आठवड्याभरात भिंगं परत मागवणारी पत्रं गेली. वृंदाची नोकरी राहिली, पण तपासणी गेली. तिला पॅकिंगला बसवलं. तिथल्या बायका पहिले काही दिवस तिच्याशी बोलल्याच नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात माल परत यायला लागला. तो उघडायचं काम तिच्याकडेच आलं. पहिल्या खोक्यात दहाच्या दहा डब्या सीलबंद होत्या. यातलं एकही भिंग कुणाच्या डोळ्यात गेलं नव्हतं.

दुसऱ्यात चारच होत्या.

सहा रिकाम्या खणांवरून तिने एकेक करत बोट फिरवलं, आणि तिसरा खोका पुढे ओढला.