चौथ्या शनिवारची चाचणी

बायको गेल्याचं मला कारखान्यात कळलं. सकाळचे साडेदहा झाले होते. मी तपासणीच्या टेबलावर लोखंडी कड्यांची मापं घेत होतो. फोरमन स्वतः चालत आला, माझ्या हातातला गेज काढून घेतला आणि म्हणाला, "घरी चल. मी सोडतो." भाजी चिरता चिरता ती खाली बसली, ती उठलीच नाही.

नऊ दिवसांनी आम्ही समुद्रावर जाणार होतो. लग्नानंतरची पहिली सहल. लेकीचं शिक्षण आणि घराचं छप्पर यातच आमची वर्षं गेली होती. तिला एक छोटा व्हिडिओ कॅमेरा हवा होता. "पर्समध्ये मावला पाहिजे," ती म्हणाली होती. "तुमच्या गळ्यात ढोलकं नको." खिशाला परवडेल असा कॅमेरा शोधायला आम्ही चार शनिवार दुकानं पालथी घातली. खोट काढणं हे माझं कामच. एकाचं झाकण सैल, एकाची बॅटरी तासाभरात बसायची. विक्रेते मला बघून तोंड लपवायला लागले होते.

चौथ्या शनिवारी एक बरा सापडला. विक्रेत्याने चाचणी म्हणून तिचंच चित्रण केलं. ती पदर सारखा करून कॅमेऱ्याला म्हणाली, "हे आमचे साहेब. बायको अर्ध्या तासात पसंत केली आणि या डबीला चार शनिवार!" दुकानातले सगळे हसले. मीही हसलो. तरी घेतला नाहीच. पुढच्या आठवड्यात सूट लागणार होती.

ती गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी लेक म्हणाली, "बाबा, आईचा आवाज कुठेच नाही का हो? फोटो आहेत, पण ती बोलतच नाही."

मला एकदम दुकान आठवलं. "आहे," मी म्हणालो. "घेऊन येतो."

कॅमेरा तिथेच काचेमागे होता. मी म्हणालो, "हाच द्या. आतलं काही पुसू नका."

विक्रेत्याने मला ओळखलं. "काकू नाही आल्या?"

मी सांगितलं. मग तो कॅमेरा चालू करून खालमानेने बटणं दाबत राहिला.

"काका, त्यांचं चित्रण नाहीये यात."

"कुणी पुसलं?"

"तुम्हीच पुसायला लावलंत ना. पुसायचं बटण चालतं का, ते बघायचं होतं तुम्हाला."

तेव्हा आठवलं. ती म्हणाली होती, "अहो, राहू द्या की. छान आलेय मी." आणि मी म्हणालो होतो, "तपासणी म्हणजे तपासणी." बटण चाललं होतं. एका झटक्यात.

"परत काढता येत नाही का?"

"त्याच कार्डावर नंतर रोज कुणाकुणाचं चित्रण झालंय, काका. मी विचारून बघतो, पण आशा नका ठेवू."

त्याने दुसऱ्या दिवशी विचारून बघितलं. नाही म्हणाला.

पण पहिल्याच दिवशी मी घरी आलो तेव्हा लेकीने टीव्हीसमोर दोन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. कॅमेरा टीव्हीला जोडायची वायर ती मैत्रिणीकडून मागून घेऊन आली होती.

"मिळालं?"

"दुकान बंद होतं."

"उद्या उघडेल ना?"

"उघडेल."

मग मालक गावाला गेला, मग मशीन दुरुस्तीला गेलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका पकडल्या, आता रोज एक खोटं बोलतो. लेकीने कामावरची रजा वाढवून घेतली आहे. खुर्च्या तशाच आहेत. त्या हलवल्या की ती परत जागेवर ठेवते.

दुकानातून रिकाम्या हाताने आलो त्याला आज अकरावा दिवस. लेकीला खरं सांगायचं अजून राहिलं आहे.