लॉन्झोच्या पायातली पाल

चर्चच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध खुर्चीत लॉन्झो बसला होता. मिसिसिपी नदीच्या या काठावर त्याच्यासारखा गिटारवाला नव्हता. सुरीचं पातं तारांवरून फिरवलं की गिटार बाईमाणसासारखी हुंदके द्यायची. मळ्यामळ्यांवर पायी जाऊन नाच रंगवणारा हा माणूस तीन आठवडे लुळ्या पावलांनी खुर्चीला खिळला होता.

"करणी!" जडीबुटीवाला प्लेझंट गरजला. "तुझ्या पायात जनावर सोडलंय, आणि सोडणारी तुझ्याच चुलीवर मक्याचा पाव भाजते!"

सगळ्या माना त्याच्या बायकोकडे, कॅलीकडे वळल्या. करणीच्या संशयावरून लोकांनी सकाळीच दाराबाहेर फेकलेलं तिचं गाठोडं तिच्या पायाशी होतं.

"लॉन्झो, तू तरी बोल की रे," ती म्हणाली.

लॉन्झो खाली बघत राहिला.

प्लेझंटने ओल्या फडक्याने त्याचा पाय चोळला, काहीबाही पुटपुटला, आणि टपकन एक पाल पायाखालच्या परातीत पडली. बायका किंचाळल्या.

मी इथल्या शाळेत शिकवते. पुढे झाले.

"बाबा, आता माझ्या ॲप्रनने चोळा."

"बाई, शिकलेल्यांच्या कापडाला भुतं शिवत नाहीत!"

लोक हसले. मी फडकंच हिसकावलं. दुमडीत शिवलेल्या चोरखिशात आणखी दोन सुकलेल्या पाली निघाल्या.

"या कुणाच्या पायातल्या? पुढच्या गिऱ्हाइकाच्या?"

प्लेझंट परात आवरू लागला.

"मग पाय गेले कशाने?" कुणीतरी ओरडलं.

"वस्तीत पाच जणांचे गेलेत. पाचही पुरुष; बाई नाही, पोर नाही. चौघांच्या घरी मी जाऊन आले. दारूबंदीत दारूऐवजी चौघंही दुकानातलं आल्याच्या अर्काचं एकच औषध पितात; त्यात दारू असते, आणि आता भेसळही असणार. पाचवा तू, लॉन्झो."



"रोज दोन बाटल्या," लॉन्झो म्हणाला. "पाय गेलेच होते, वर अब्रूही जाईल म्हणून..."

"म्हणून माझी घालवलीस?" कॅली म्हणाली. तिने गाठोडं उचललं आणि बहिणीच्या गावची वाट धरली.

लॉन्झो उठू गेला. पावलं फटफट आपटली आणि तो परत खुर्चीत कोसळला.

प्लेझंट आता दुसऱ्या गावात पाली काढतो. ती बाटली अजून दुकानात मिळते. म्हणून सांगते, शेजाऱ्याचे पाय गेले तर तो काय खात-पीत होता ते आधी विचारा. कुणाच्या बायकोचं नाव घ्यायला नंतरही वेळ असतो, आणि तोवर बहुतेकदा गरज उरत नाही.