टेबलाखालची पहारेकरीण

मी एक टेबल आहे. माझ्याभोवती बसून लोक पुष्कळ बोलले, मी मात्र आजवर गप्प राहिलो. आताही जे सांगायचं आहे ते नीट सांगता येईल का, याची मला खात्री नाही. टेबलाला वरून वजन कळतं आणि खालून पाय दिसतात. चेहरा दिसतो तो फक्त माझ्याखाली येऊन बसणाऱ्याचा. तेव्हा माझ्या सांगण्यात काही चुकलं, तर तो दोष माझ्या उंचीचा समजा.

माझा जन्म सुताराच्या दुकानात झाला. चर्चला प्रभुभोजनासाठी टेबल हवं होतं. मापं घेताना सुतार पाळकांना म्हणाला, "पाय जाड ठेवतो. हललं आणि द्राक्षरस सांडला, तर शिव्या मला बसतील."

"चर्चमध्ये कोणी शिव्या देत नाही," पाळक म्हणाले.

"तोंडावर देत नाहीत," सुतार म्हणाला आणि त्यानं पाय जाडच ठेवले.

बरीच वर्षं मी चर्चमध्ये सर्वांत पुढे उभा होतो. अंगावर पांढरं कापड, त्यावर भाकर आणि प्याले. माणसं समोर येऊन माना खाली घालायची. त्या माझ्यासाठी नसतात, हे कळायला मला वेळ लागला. मग कोणीतरी वडिलांच्या आठवणीसाठी नवं, चकचकीत टेबल दिलं आणि मी मागच्या खोलीत आलो. तिथं माझ्यावर फाटकी स्तोत्रांची पुस्तकं, बंद पडलेला पंखा आणि विसरून राहिलेल्या छत्र्या चढल्या. त्या दिवसांबद्दल माझी तक्रार नाही. पंखा फारसा बोलत नसे.

एका शनिवारी दुपारी ताई आली. एरवी ती इस्पितळात मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे. तिनं माझ्यावरचा पसारा उचलला, ओल्या फडक्यानं मला पुसलं आणि माझ्यावर रंग आणि खेळायची माती मांडली. त्यानंतर दर शनिवारी मुलं येऊ लागली. कोणी घरात मार खाल्लेला, कोणी घरच मोडलेलं पाहिलेलं. एक मुलगा तासभर मातीवर नुसत्या बुक्क्या मारायचा. एक मुलगी बुटाची नाडी बांधायची, सोडायची, परत बांधायची. ताई त्यांना खोदून काही विचारत नसे. तास संपला की मात्र म्हणायची, "हात टेबलावर, डोळे मिटा. डोळे मिटले की देव अगदी जवळ येतो."

हे ती इतक्या प्रेमानं म्हणायची, की त्यात काही वावगं असेल असं कोणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

मग ती मुलगी आली. असेल सहा-सात वर्षांची. तिला तिच्या मावशीनं आणलं होतं. मावशी धुलाईच्या दुकानात इस्त्री करायची. मुलगी रंगांना हात लावायची, मातीही मळायची. पण प्रार्थना सुरू झाली की सटकन माझ्याखाली शिरायची. तिथून ती सगळ्यांच्या पायांकडे टक लावून बघत राहायची आणि मध्येच जोरात किंचाळायची. मुलं दचकून डोळे उघडायची. ती पापणी लवू देत नाही, म्हणून मुलांनी तिचं नाव घुबड ठेवलं. "ए घुबडा, बाहेर ये!" असं वाकून म्हणायला सगळे यायचे. ताईही वरून तिला हाक मारायची. आत कोणी आलं नाही.

चर्चचे खजिनदार काका एकदा खोलीत येऊन ताईसमोर उभे राहिले. त्यांचे बूट मी ओळखतो, फार करकरतात.

"ताई, ती पोरगी किंचाळली की बाहेर म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडतं. माझ्यासकट."

"काका, तिला वेळ लागेल."

"लागू दे की! पण दोन घरांनी आपली मुलं पाठवणं बंद केलं. डोळेच तर मिटायचेत. मी प्रवचन सुरू झालं की न सांगता मिटतो." मग त्यांचा आवाज उतरला. "मंडळींनी ठरवलंय. येत्या शनिवारी तिच्या मावशीला सांगा, की आणू नका."

"सांगते," ताई म्हणाली.

शनिवारी मावशी दारातच बोलायला लागली. "ताई, तिचं इथं बरं चाललंय ना? घरचे म्हणतात, इथंही टिकली नाही तर वसतिगृहात ठेवू. मी दिवसभर इस्त्रीला उभी, कुठं कुठं पुरू? पण माझ्या बहिणीची एकच खूण आहे हो."

ताईच्या चपला जागच्या हलल्या नाहीत. "संध्याकाळी बोलू," एवढंच ती म्हणाली.

तास संपला. "हात टेबलावर," ताई म्हणाली आणि मुलगी माझ्याखाली शिरली. ताई पुढचं वाक्य बोललीच नाही. तिनं चपला काढल्या आणि ती गुडघ्यांवर रांगत आत आली. येताना माझ्या आडव्या पट्टीवर तिचं डोकं आपटलं.

"आई गं!"

वर मुलं फिसकन हसली.

"लागलं?" मुलीनं विचारलं.

"लागणार नाही तर काय! टेबल आहे की दगड?"

मला वाईट वाटलं. पण त्याला मी काय करणार?

"तू डोळे मिटू नकोस," मुलगी म्हणाली.

"बरं, नाही मिटत. पण का गं?"

"तूच म्हणतेस ना, डोळे मिटले की देव जवळ येतो."

"हो."

"आईला देवानं नेलं. मावशी म्हणाली. तेव्हा मी झोपले होते."

ताई तिच्याजवळ सरकली.

"हे सगळे मिटतात," मुलगी वर बोट दाखवून म्हणाली. "म्हणून मी बघते. जवळ आला वाटलं की ओरडते."

मी बऱ्याच पाळकांची प्रवचनं ऐकलेली आहेत. आता ताई एखादं वचन सांगेल, असं मला वाटलं. तिनं सांगितलं नाही. तिचा चेहरा मी प्रथमच पाहत होतो. त्याला काय म्हणावं, मला कळलं नाही.

"मी फार चुकीचं बोलत होते गं," ती म्हणाली. "आई का गेली, ते मला माहीत नाही. ती खूप आजारी होती, एवढं माहीत आहे. तू झोपलीस म्हणून ती गेली नाही."

"नक्की?"

"हे नक्की."

मग ताईनं डोळे उघडे ठेवून, मुलीकडे बघत प्रार्थना केली. "येशू, आम्ही दोघी डोळे उघडे ठेवून तुझ्याशी बोलतोय. चालेल ना?"

मुलगी जरा थांबली. "चालतं म्हणाला का?"

"मला तरी ऐकू आलं नाही. पण नको म्हणाल्याचंही ऐकलं नाही."

संध्याकाळी ताईनं मुलीचं बोलणं मावशीच्या कानावर घातलं, तेव्हा मावशीनं सगळं सांगितलं. आईला रात्री इस्पितळात हलवलं, तेव्हा झोपू दे लेकराला म्हणून कोणी मुलीला उठवलं नाही. सकाळी शेजारचं अंथरूण रिकामं होतं. आई परत आली नाही.

"म्हणजे देवानं नेलं म्हणून मीच तिला घाबरवलं," मावशी म्हणाली.

"तुम्ही मायेनंच केलंत. मीही," ताई म्हणाली. "पुढच्या शनिवारी वेळेवर आणा. प्रार्थनेला एकानं जागं राहायचं, असं मी ठरवलंय. पहिला पहारा तिचा."

खजिनदार काकांना हे पटलं नाही. "पहारा? चर्च आहे की बँक?"

"काका, पकडलं जाण्याच्या रात्री बागेत प्रभूनं शिष्यांना जागे राहा म्हणून विनवलं होतं. ते झोपले."

काकांचे बूट करकरत बाहेर गेले. मुलीला काढून टाकायचा विषय पुन्हा निघाला नाही.

मुलगी माझ्याखालून खुर्चीवर आली. आधी पहारा तिचाच असायचा, मग ती कधी दुसऱ्याला देऊ लागली. ती त्या वेळी डोळे मिटते का, हे मला सांगता येणार नाही.

मात्र एका शनिवारी माती मळता मळता तिचं डोकं माझ्यावर टेकलं आणि हळूहळू जड झालं. मुलांचे आवाज खाली आले. मावशी आली, तशी काका कुजबुजले, "हळूच उचलून न्या. जाग येणार नाही तिला."

"नको," ताई म्हणाली. "आम्ही सगळे इथं आहोत तोवर उठवा."

मावशी खुर्ची ओढून बसली. "ऊठ गं राणी. घरी जायचंय."

गाल उचलला गेला. "सगळे आहेत?"

"सगळे आहोत," काकाच घाईघाईनं म्हणाले.

मी अजून त्याच खोलीत आहे. एका पायाला वाळवी लागली आहे. किती दिवस उभा राहीन, सांगवत नाही. जाण्यापूर्वी एक मागणं आहे. घरात लहान मूल झोपलेलं असेल आणि तुम्हाला निघायचं असेल, तर रडेल म्हणून चोरपावलांनी जाऊ नका. त्याला उठवा, सांगा, रडलं तर रडू द्या. मी लाकूड, मला यातलं कितपत कळतं, कोण जाणे.

त्या दिवशी तिचा गाल टेकला होता तिथं ओलं झालं होतं. मला आधी अश्रू वाटले. लाळ होती. ताई फडकं घेऊन आली. तिनं पुसलं नसतं, तरी माझी हरकत नव्हती.