मलबारचं पार्सल

शालिग्राम आमरीवेडा होता. जळगावच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा, पण सुट्टी लागली की सातपुड्यात आमऱ्या, म्हणजे ऑर्किड, शोधत हिंडायचा. झाडाच्या फांदीवर, मातीशिवाय वाढणाऱ्या या फुलांपायी त्यानं लग्न लांबवलं आणि शेवटी विसरूनच गेला. यावलजवळच्या गावात त्याचे थोरले भाऊ जीवराम, म्हणजे नाना, केळी पिकवत. त्याच केळीवर शालिग्राम शिकला, आणि त्याच बागेत, विहिरीजवळ, नानांनी त्याच्या आमऱ्यांना मांडव घालून दिला.

गावाला ते बघवत नव्हतं. "जीवराम, बांडगूळ पोसून राह्यला तू. बाग खाईन ते एक दिवस," असं गावातले म्हातारे कौतिकआबा भेटतील तिथे बजावत. शालिग्राम हसायचा. आमरी झाडाचं काही खात नाही, नुसती अंगावर बसते, हे त्यानं पारावर दहादा समजावलं होतं. नानांचं उत्तर ठरलेलं, "माह्या भावानं सांगलं ना, मंग संपलं."

१९५४ च्या मे महिन्यात नाना त्याला मांडवामागचं एक केळीचं झाड दाखवायला घेऊन गेले. "पानं पाह्य बरं. पाणी कमी पडलं का?"

पानं अरुंद, ताठ, शेंड्याशी दाटलेली. शालिग्रामनं देठ उन्हात धरला. त्यावर गडद हिरव्या, तुटक रेघा होत्या.

हा रोग त्यानं एकदाच पाहिला होता, मलबारात. त्याला औषध नाही. झाडं मुळासकट उपटून जाळायची, एवढंच. आणि तो इथे आला कसा, हे कळायला विद्वत्ता लागत नव्हती. फेब्रुवारीत मलबारच्या मित्रानं आमरीची रोपं धाडली होती, केळीच्या खोडाच्या ओल्या सोपटात गुंडाळून. सोपटावर मावा होता. हा रोग झाडाझाडांत नेणारे ते काळे बारीक किडे शालिग्रामनं बोटानं झटकले आणि खत होईल म्हणून सोपटं याच झाडाच्या बुडाशी टाकली. त्याच्या वर्गातल्या कच्च्या विद्यार्थ्यानंही असं केलं नसतं.

"पाणीच कमी पडलं असेल," तो म्हणाला.

मांडवात त्याची सातपुड्यातली आमरी कळीवर आली होती, बारा वर्षांत पहिल्यांदा. कुठल्याच पुस्तकात नसलेली जात. उमललेलं फूल चितारल्याशिवाय ती कुणी मानणार नव्हतं. रोगाचं नाव काढलं असतं तर गावानं आधी मांडव पेटवला असता. रोप हलवलं असतं तर कळी गळली असती. आठ दिवसांत असं काय होणार आहे? स्वतःची अशी समजूत घालायला माणूस चांगला शिकलेला लागतो.

तो कळीपाशी बसून राहिला. चौथ्या दिवशी शेजारच्या झाडाचा शेंडा आवळला. सहाव्या दिवशी विहिरीपलीकडचा. "भाऊजी, जेवन काहून जात नही?" धुरपदाबाई वहिनी विचारायची. तो ऊन फार आहे म्हणायचा.

नवव्या दिवशी फूल उमललं. पिवळसर, ओठावर जांभळा ठिपका. दुपारपर्यंत त्यानं चित्र काढलं, मापं घेतली. हात जराही थरथरला नाही, याची त्याला पुढे जन्मभर लाज वाटली. मग तो घरी आला आणि ओट्यावर बसलेल्या नानांसमोर उभा राहिला.

"नाना, त्या केळीला रोग आहे. आमरीनं नाही, मी आणला. पार्सलच्या सोपटांतून. आजच बाग उपटायला पाहिजे. लागवडीला कंदसुद्धा कुणाला द्यायचे नाहीत."

धुरपदाबाई दारात आली. "कंद त परवाच गेले, भाऊजी. मृगाच्या लागणीले. रावेरले, माह्या माहेरी, अन् इथं कौतिकआबाच्या वावरात. पाच गाड्या भरून."

परवा बैलांच्या घुंगरांचा आवाज त्यानं ऐकला होता. कळीवरची नजर मात्र काढली नव्हती.

"तुले कधी समजलं हे?" नानांनी विचारलं.

"तुम्ही झाड दाखवलं, त्याच दिवशी."

नाना रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली, पायात वहाणा सरकवल्या.

"चाल," ते म्हणाले. "तूच सांग लोकायले. कंद देतांना मी त्यायले म्हनलं व्हतं, माह्या भावानं झाडं पाह्यली, काही रोग नही."

कौतिकआबांचं वावर सगळ्यांत जवळ होतं. दोघं आधी तिकडे निघाले.