दुमान प्यायला ती कॉफी

सेलामी आमच्या मुलीला, हुरूला, मागणी घालायला सिवास शहरातून आला. आमच्याकडे मुलगी कॉफीत मुद्दाम मीठ घालते आणि मुलाने तोंड वाकडं न करता ती प्यायची असते. अंगणात त्याने कप उचलला, तोच वासराएवढ्या आमच्या दुमान कुत्र्याने मान लांबवून कॉफी लपालपा संपवली आणि लाळेसकट त्याच्याच तोंडावर फुर्रकन उडवली.

सेलामीने शांतपणे मिशी चाटली.

"कॉफी झकास झालीय, काका!"

"दुसरी आणू?" हुरूने विचारलं.

"कशाला गं?" माझी बायको म्हणाली. "मीठ कुणीही पितं. दुमानला घेऊनच सासरी जाणार म्हणतेस ना? मग लाळ सोसणारा दुसरा कुठे मिळायचा?"