आगरदेवाच्या कपाळावरचं कुंकू

फरशी पुसायच्या काठीचं टोक लागलं आणि आगरदेवाच्या तसबिरीची काच आडवी तडकली. नीराबाईने आधी देवाकडे पाहिलं, मग खाटेवरच्या नवऱ्याकडे. नामा जागाच होता. श्रावणात उजवं अंग आणि वाचा गेल्यापासून त्याला दोनच कामं उरली होती. पेज गिळायची आणि समोरच्या तसबिरीकडे बघत राहायचं.

तसबीर सासऱ्याच्या काळातली. रेवदंड्याच्या भंगारवाल्याला टोपलंभर मीठ देऊन आणलेली. नुसत्या काळ्या रेघांची, बिनरंगाची. एकीकडे सूर्याच्या तोंडाचा पुरुष, दुसरीकडे चंद्राच्या तोंडाची बाई, दोघं घागरींनी चौकोनी कुंडात पाणी ओतताहेत. कुंडात मुकुटवाला देव आडवा पहुडलेला, त्याच्या छातीवर एक पाखरू. मिठागरवाल्याला आणखी काय समजावून सांगायचं? चंद्र भरती आणतो, सूर्य पाणी आटवतो, मध्ये आपली कोंडी, मीठ धरायचा वाफा. सासऱ्याने नाव ठेवलं आगरदेव. दर वर्षी कोंड्यांत पहिलं पाणी घ्यायच्या आधी नीराबाई त्याच्या कपाळाला कुंकू लावायची. चाळीस वर्षं लावत होती. पहुडलेला म्हणजे शेषशायीच असणार. नाग कुठे दिसत नव्हता खरा, पण देवाच्या घरच्या गोष्टीत आपण कशाला पडा.

आणि उद्याच पहिलं पाणी घ्यायचं होतं.

"तडकलेला देव घरात ठेवत न्हाईत, आये," धनेश म्हणाला. पाण्यासाठी म्हणून तो दोन दिवस ट्रक उभा करून घरी आला होता. "सकाली खाडीत सोडू."

"आन तुझा बाप काय बघल? तुझा ट्रक?"

दुपारी रुचिका आली. दिराची मुलगी, मुंबईत छापचित्रं शिकणारी. काच बदलू म्हणून तिने तसबीर उघडली. कागद हातात आला आणि तिचा आवाजच खाली गेला.

"काकी, हा देव नाही गं."

"मग कोन? तलाठी?"

"किमयेचं चित्र आहे. परदेशातलं, खूप जुनं. हलक्या धातूचं सोनं करायला निघालेली माणसं अशी कोड्यातली चित्रं काढायची. हा राजा मेलाय. हा कावळा म्हणजे त्याचं कुजणं. आधी सगळं काळं पडतं, मग पांढरं, शेवटी लाल. लाल झालं की राजा उठतो."

नीराबाई भिंतीला टेकून खालीच बसली. चाळीस वर्षं मढ्याच्या कपाळाला कुंकू! आणि गेले चार महिने आपणच नवऱ्याला त्याच्यासमोर निजवलंय. नीट दिसावं म्हणून उशी उंच करून.

"या कागदावर उठतो का?"

"नाही. अशी पानं ओळीने असायची. उठतो ते पुढचं पान. ते आपल्याकडे नाही."

"सासऱ्यानं टोपलं शीगभर दिलं नसल, म्हनून एकच पान आलं," नीराबाई म्हणाली. पण हसली नाही. "तू घेऊन जा त्याला. माझ्या मानसासमोर मढं नको."

संध्याकाळी नामाने पेज घेतली नाही. डावा हात उचलून तो रिकाम्या खिळ्याकडे दाखवत राहिला.

"मेलेला हाय तो," नीराबाईने त्याला सांगून पाहिलं. "मेलेल्याकडं काय बघायचं?"

त्याने ओठ मिटले. चमचा तीनदा परत आला. सकाळीही तेच.

ती वाटी घेऊन ओटीवर आली तर रुचिका कागद पसरून बसलेली, हातात ओला कापूस. "कुंकू खोल मुरलंय, काकी. निघतंय का बघते."

नीराबाईने पाहिलं. काळ्या रेघा, पांढरा कागद, आणि मधोमध राजाच्या कपाळावर तेवढा एक लाल ठिपका.

"थांब. शेवटचा रंग कुठला म्हनालीस?"

"लाल."

"मग पुसतेस काय?"

रुचिकाचा हात थांबला. "अगं, पण हे तुझं कुंकू आहे. चित्र काढणाऱ्याने—"

"काढनाऱ्याला काय ठाव? काला चिखल आमी तुडवतो, पांढरं मीठ आमी ओढतो. लाल त्यानं दिला न्हाय, तो आमी लावला."

"आणि नाहीच उठला तर?" रुचिकाने हळूच विचारलं. कोणाबद्दल, ते दोघींनाही कळलं.

"न्हाय उठनार. म्हनून लावायचं थांबवू काय?"

तिने कागद परत चौकटीत बसवला. बिनकाचेचाच. धनेश दारातून म्हणाला, "आये, तडकलेला देव..."

"काच तडकली. देव कुठं तडकलाय?"

तसबीर खिळ्यावर गेली. नीराबाईने करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवून जुन्या ठिपक्यावर टेकवलं आणि खाटेपाशी येऊन बसली. नामाने पहिला चमचा बराच वेळ तोंडात धरला, मग गिळला. दुसराही. तिसरा ओघळला. तो तिने पदराने टिपला.

बाहेर भरतीचं पाणी बांधातल्या उघाडीच्या झडपेला लागलं होतं.

"जा, उघाडी उघड," ती धनेशला म्हणाली. "पानी येऊ दे कोंडीत. तुझा बाप बघतो हाय."